फिरती शाळा : संगीत नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड आणि त्यातील मुले

(दहिवली येथे भरलेल्या आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी मला या वर्षीच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली होती. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून खडू-फळ्यापाशी आयुष्य काढले. विद्वत्तेचा दावा मला करता येणार नाही. परंतु ज्या माणसाने जन्मभर मुले शिकविली, त्याला जिथे जिथे मुले शिकत असतील तिथे तिथे डोकावून पाहण्याची खोड जडते. अशाच एका शाळेविषयी मी आज बोलणार आहे. त्या शाळेला इमारत नव्हती, हजेरीपट नव्हता, उन्हाळ्याची सुटी नव्हती. ती आज मिरजेस, तर महिन्याने हुबळीस आणि आणखी दोन महिन्यांनी अमरावतीस असे. ती शाळा म्हणजे आपल्या महाराष्ट्रातील संगीत नाटक मंडळी.

पाश्चात्त्य देशांत संगीताने नटलेल्या नाट्यप्रकाराला ऑपेरा म्हणतात. तेथील काही संस्था मुलांना चार गोष्टी कळाव्यात म्हणून असे खेळ गावोगावच्या शाळांतून करीत हिंडतात. आपल्याकडे हे दोन्ही हेतू एकाच बिऱ्हाडात नांदत होते. रंगमंचावरून लोकांना शिकवावे आणि रंगमंचामागे मुलांना शिकवावे, असा तो दुहेरी व्यवहार होता. त्यातला पहिला भाग आपण पुष्कळ ऐकतो. दुसऱ्याची चर्चा कमी होते, म्हणून आज तोच मुख्यत्वे मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मराठी संगीत रंगभूमी उभी करणाऱ्यांत शिक्षकांचा भरणा मोठा आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे काही काळ बेळगावास शिक्षक होते. गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे बेळगावचे विद्यार्थी, आणि देवलही पुढे शिक्षक झाले. किर्लोस्कर मंडळीत नटांना तालीम देण्याचे काम देवलांनी केले, आणि गणपतराव बोडसांसारखे नट त्यांच्या हाताखाली घडले. ‘मानापमान’ व ‘स्वयंवर’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आरंभी सांगलीच्या शाळेत शिकवीत होते. आणि राम गणेश गडकरी! फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट टाकून पोटाच्या पाठीमागे लागलेल्या या तरुणास किर्लोस्कर मंडळीत जे काम मिळाले, ते कंपनीतील लहान मुलांना शिकविण्याचे होते. प्रसंगी ते दारावरही उभे राहत. मराठी भाषेचा हा शब्दप्रभू एके काळी कंपनीचा ‘मास्तर’ होता, याचा आम्हा शिक्षकांना अभिमान वाटल्यास आपण तो क्षम्य मानावा.

आता या शाळेचे विद्यार्थी कोण, ते पाहू. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. त्यामुळे गोड गळ्याची, रेखीव चेहऱ्याची मुले कंपन्यांना नेहमीच हवी असत. ही मुले बहुधा गरिबांच्या घरची असत. केशवराव भोसले हे त्याचे ठळक उदाहरण. १८९० साली कोल्हापुरास जन्मलेल्या या मुलाचे पितृछत्र लवकर हरपले. आईने संसाराच्या ओढगस्तीमुळे त्यास अगदी कोवळ्या वयात स्वदेशहितचिंतक मंडळीच्या स्वाधीन केले. ज्या वयात आपली मुले अंगणवाडीत बडबडगीते म्हणतात, त्या वयात तो मुलगा कंपनीचे अन्न खात होता. पुढे ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने त्याचे नाव झाले, आणि १ जानेवारी १९०८ रोजी, वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्याने हुबळीस स्वतःची ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. गोव्याच्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर कोवळ्या वयातच किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१८ साली सहकाऱ्यांसह ‘बळवंत संगीत मंडळी’ काढून बाहेर पडले. सातारा जिल्ह्यातील सौदागर नागनाथ गोरे हा मुलगा दहा वर्षांच्या सुमारास दामूअण्णा जोशी यांच्या ‘बालमोहन’ मंडळीत दाखल झाला. तोच पुढे छोटा गंधर्व म्हणून महाराष्ट्रास ललामभूत झाला. बालमोहन तर नावाप्रमाणे मुलांचीच कंपनी म्हणून नावारूपास आली, आणि पुढे तिनेच १९३३ साली आचार्य अत्र्यांचे ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आणले.

या मुलांचा दिवस कसा जात असे? नटांनी लिहून ठेवलेल्या आठवणींतून आणि जुन्या माणसांच्या तोंडून जे कळते, त्यावरून सर्वसाधारण चित्र असे दिसते. गावात कंपनीचे बिऱ्हाड एखाद्या मोठ्या वाड्यात पडे. माजघरात आचाऱ्याची चूल, ओसरीवर तालीम, माडीवर कपडेपट आणि पडव्यांत ट्रंकांच्या रांगा. खेळ नसेल त्या दिवशी पहाटे मुलांना उठवून गळा साफ करण्यास बसवीत. तंबोऱ्याच्या वा पेटीच्या सुरात खर्ज लावावयाचा, मग पलटे, मग पदांच्या चाली. स्नान व न्याहारी झाल्यावर नक्कल पाठ करावयाची. नक्कल म्हणजे नाटकातील आपल्या वाट्याचा मजकूर वेगळा उतरून काढलेली वही. पोरांचे अक्षर वळविण्याचे काम या नकला उतरण्यातूनच होई. दुपारच्या पंगतीनंतर थोडी निद्रा, आणि सायंकाळी तालीम मास्तरांपुढे उभे राहावयाचे. लुगड्याचा पदर कसा सावरावा, थाळी हाती घेऊन कसे चालावे, वडीलधाऱ्यांपुढे मान कशी लववावी, हे सारे घटवून घेत. उच्चारांविषयी तर मास्तर फार काटेकोर असत. ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांत गोंधळ झाला की तेच वाक्य पुनःपुन्हा म्हणावे लागे.

आठवड्यातून दोन-तीन खेळ होत. खेळ रात्री नऊ-दहाला सुरू झाला की पहाटेच्या प्रहरापर्यंत चाले. एकट्या ‘शाकुंतला’त २०० च्या घरात पदे, आणि त्यात प्रेक्षकांचे ‘वन्स मोअर’! विजेचे दिवे येण्यापूर्वी मशाली आणि चिमण्या, पुढे किटसनच्या बत्त्या. त्यांचा धूर आणि उष्मा सोसून, ध्वनिक्षेपकाच्या साहाय्यावाचून, शेवटच्या रांगेतील पिटातल्या माणसास ऐकू जाईल असे गावयाचे. बारा वर्षांचे पोर पहाटे तोंडावरचा रंग खोबरेल तेलाने पुसून आडवे होई. दुसऱ्या दिवशी त्याला उशिरा उठू देत, एवढीच काय ती सवलत.

संगीताचे शिक्षण मात्र असे, की ते आज लाखो रुपये वेचूनही सहजासहजी लाभणार नाही. भास्करबुवा बखले यांच्यासारखा गवई किर्लोस्कर व गंधर्व मंडळ्यांतील नटांना शिकवीत होता. ‘स्वयंवरा’तील पदांना त्यांनीच चाली दिल्या. ललितकलादर्शास रामकृष्णबुवा वझे यांचे मार्गदर्शन होते. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष अशी साथ असे. येथे आपणा ज्ञातिबांधवांच्या नजरेस एक गोष्ट मुद्दाम आणतो. स्वतः भास्करबुवा नत्थनखाँ, अल्लादियाखाँ अशा मुसलमान उस्तादांकडे शिकले होते, आणि त्यांनी पुढे जे शिष्य घडविले ते गळा पाहून. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस जो ‘संयुक्त मानापमाना’चा खेळ झाला, त्यात धैर्यधर होता मराठा ज्ञातीचा केशवराव भोसले, आणि भामिनी होती ब्राह्मण ज्ञातीचा नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. आपण आपल्या ज्ञातीतील मुलांना उत्तेजन देण्यासाठी एकत्र आलो आहो, हे योग्यच आहे. परंतु विद्या घेताना ज्ञातीचे कुंपण पाहावयाचे नसते, हा धडा या फिरत्या शाळेने शंभर वर्षांपूर्वी दिलेला आहे.

आता प्रवासाकडे वळू. कंपनीचा मुक्काम हलणे म्हणजे एक लहानसे गाव हलणे. नट, साथीदार, तालीम मास्तर, आचारी, पडदे ओढणारे, रंगवाले, शिंपी, दारवान, गडी, आणि कोणाकोणाची बायकामुले, मिळून मोठ्या कंपनीत साठसत्तर माणसे सहज भरत. त्यांच्याबरोबर वळकट्या केलेले पडदे, लाकडी चौकटी, सिंहासने, दागदागिन्यांच्या पेट्या, भांडीकुंडी, ऑर्गन. एवढा पसारा बैलगाड्यांतून स्थानकावर आणावयाचा, मालडब्यात भरावयाचा, पुढच्या गावी उतरवून पुन्हा बैलगाड्यांत घालावयाचा. रेल्वे नसती तर ही रंगभूमी इतकी फिरली नसती. आपल्याकडे खोपोलीपर्यंत रेल्वे आली १८५६ साली, आणि बोरघाट चढून ती पुण्याकडे गेली १८६३ साली. त्यानंतर मुंबई-पुण्याच्या दरम्यान ज्या ज्या कंपनीने मुक्काम हलविला, तिची गाडी आपल्या कर्जतवरूनच गेली असणार. घाट चढण्यासाठी येथे गाडीस मागून इंजिन जोडीत, आणि तेवढा वेळ गाडी थांबे. फलाटावर उतरून पाणी पिणाऱ्या, लांब केस राखलेल्या मुलांकडे आमच्या गावची माणसे कुतूहलाने पाहत, असे जुनी माणसे सांगत. स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलांना केस वाढवावे लागत, आणि गावोगावच्या टवाळ पोरांची थट्टाही त्यापायी सोसावी लागे.

मुक्कामांचा क्रम पैशाच्या ओघाप्रमाणे ठरे. कापसाचा हंगाम आला की वऱ्हाड-खानदेशाकडे जावयाचे, कारण तेव्हा शेतकरी-व्यापाऱ्यांच्या हाती रोकड खुळखुळत असे. हुबळी, धारवाड, बेळगाव हा दक्षिणेचा मार्ग. नागपूर, इंदूर, बडोदे हा उत्तरेचा. संस्थानिकांचा आश्रय मिळाला तर भाग्यच. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयाचा लाभ अनेक कलावंतांना झाला. पावसाळ्यात बहुधा एखाद्या मोठ्या शहरी तळ ठोकून नव्या नाटकाच्या तालमी करीत. परंतु सारे दिवस सारखे नसत. १८९६ नंतर प्लेगने गावे ओस पडू लागली, १९१८ साली इन्फ्लुएंझाने कहर केला. अशा वेळी ठरलेले मुक्काम रद्द होत, आणि रिकाम्या नाट्यगृहाचे भाडे व साठ माणसांचे जेवण मालकाच्या बोकांडी बसे. म्हणूनच बहुतेक कंपन्यांची गाठ अखेर सावकाराशी पडली. गंधर्व मंडळीचे वैभव आपण ऐकतो, उंची शालू, अत्तरे, गालिचे यांच्या कथा आवडीने सांगतो. परंतु ती मंडळीही कर्जाच्या ओझ्याखाली दबली होती, हे विसरता कामा नये.

या मंडळ्यांनी प्रेक्षकांना काय शिकविले, तेही थोडक्यात पाहू. १८९९ साली देवलांचे ‘शारदा’ रंगभूमीवर आले. पैशासाठी कोवळी मुलगी जरठ नवऱ्याच्या गळ्यात बांधू पाहणारा बाप लोकांनी डोळ्यांनी पाहिला आणि त्यांना स्वतःच्या घरातली गोष्ट आठवली. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या आयाबायांनी स्त्रियांसाठी राखलेल्या सज्जांत बसून ते नाटक पाहिले. पुढे १९२९ साली बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला. त्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणत. वस्तुतः ते नाव अजमेरचे हरबिलास सारडा यांच्यावरून पडलेले, परंतु महाराष्ट्रातील सामान्य माणसास ते देवलांच्या शारदेवरूनच पडले असे वाटे. नाटक लोकांच्या मनात किती खोल रुजले होते याचे याहून चांगले प्रमाण मला ठाऊक नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ललितकलादर्शाने मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ केले. त्याने हुंड्याच्या चालीवर कोरडे ओढले. १९१९ साली गंधर्व मंडळीने बडोद्यास गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ केले. ते पाहावयास गडकरी हयात नव्हते. त्याच वर्षीच्या २३ जानेवारीस सावनेर येथे त्यांचे निधन झाले होते. दारूच्या पहिल्या प्याल्याने एका सुशिक्षित घराची राखरांगोळी कशी होते, हे बालगंधर्वांच्या सिंधूने घराघरांत पोहोचविले. नाटक पाहून सगळे मद्यपी सुधारले, हुंडा बंद झाला, असे मी म्हणणार नाही. आपल्या ज्ञातीतही हुंडा निराळ्या नावाने अद्याप चालतो, हे आपण जाणताच. परंतु ज्या गोष्टीची लाज वाटत नव्हती तिची लाज वाटू लागली, एवढे या नाटकांनी निश्चित केले.

मग या शाळेत उणे काय होते? तेच आज मला मुख्यत्वे सांगावयाचे आहे.

जी नावे मी आतापर्यंत घेतली ती तरून गेलेल्यांची आहेत. एका केशवरावामागे, एका दीनानाथामागे कितीतरी मुले अशी होती की ज्यांची नावे कोणत्याही नाट्येतिहासात नाहीत. आमच्या घराण्यातील एक चुलत आजोबा अशांपैकी एक होते. १९२२ च्या सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षी, ते येथून एका मध्यम प्रतीच्या कंपनीत गेले. त्या कंपनीचे नाव मी घेत नाही, कारण तसे व्यवहार पुष्कळ ठिकाणी होत. बोली अशी होती की जेवण, कपडालत्ता कंपनीचा आणि दरमहा काही रुपये घरी यावयाचे. पहिली दोन वर्षे मनिऑर्डर आली. पुढे मुलाचे नाव झाले, टाळ्या मिळू लागल्या, पण मनिऑर्डर मात्र अनियमित झाली. सोळाव्या वर्षी आवाज फुटला. कंपनीच्या मुलाच्या आयुष्यातील हा सर्वांत अवघड प्रसंग. कालपर्यंत ज्याच्या गळ्यास मफलर गुंडाळून मालक जपत होते, तोच मुलगा दुसऱ्या दिवसापासून कपडेपटात ट्रंका उचलू लागला. आणखी तीन-चार वर्षे त्याने अशीच काढली. त्यानंतर वऱ्हाडातील एका मुक्कामात कंपनी मोडली. सामान सावकाराने अडकविले, आणि मुलांना परतीचे भाडेही मिळाले नाही. गावातल्या एका सद्गृहस्थाने तिकीट काढून दिले, म्हणून आजोबा दहिवलीस पोहोचले.

परत आले ते जवळजवळ विशीत. त्यांना शेकडो पदे मुखोद्गत होती, सहा-सात रागांचे चांगले ज्ञान होते, भाषा तर अशी शुद्ध की ऐकत राहावे. परंतु व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा दिलेली नव्हती. ती दिलेली असती तर त्यांना शिक्षकाची नोकरी मिळती. हिशेब, भूगोल, इंग्रजीचे चार शब्द यांपैकी काहीही कंपनीने शिकविले नव्हते. गडकऱ्यांसारखा मास्तर ज्या कंपनीस लाभला ती भाग्यवान. लहानमोठ्या इतर कंपन्यांत असा मास्तर असेच असे नाही, आणि असलाच तर त्याच्या तासापेक्षा तालमीचा तास अधिक महत्त्वाचा ठरे. आजोबांनी पुढचे आयुष्य भाताच्या गिरणीत पोती मोजण्यात घालविले. त्यांनी आपल्या नशिबाला बोल लावल्याचे कोणी ऐकले नाही. गावातील भजनाला त्यांनी वळण लावले, मुलांचे उच्चार सुधारले. आम्ही लहानपणी त्यांच्यामागे गाण्याचा हट्ट धरला, की ते आधी पंचविसापर्यंतचे पाढे म्हणून दाखवावयास लावीत. मी सातवीत असताना मला ते म्हणाले होते, “बाबा रे, गळा देवाचा असतो, तो कधीही परत मागतो. मॅट्रिकचा दाखला आपला असतो.” मी मॅट्रिक झालो, त्याला हे वाक्य पुष्कळ अंशी कारणीभूत आहे.

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा बोलपट आला, आणि १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. चार आण्यांत अडीच तासांत संपणाऱ्या खेळापुढे साठ माणसांचे बिऱ्हाड टिकणे अशक्य होते. एकामागून एक कंपन्या मोडल्या. दीनानाथांनी चित्रपटाचा धंदा करून पाहिला, तो साधला नाही, आणि १९४२ साली अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी ते गेले. साक्षात बालगंधर्वांना उतारवयात विपन्नावस्था भोगावी लागली. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, १९६७ साली ते निवर्तले, आणि दुसऱ्या वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. एवढ्या मोठ्यांची ही कथा, तर कपडेपटातल्या पोरांचे काय झाले असेल याचा विचार आपणच करावा.

कोणी म्हणेल, मास्तर, या जुन्या गोष्टी आज कशाला उगाळता? सज्जनहो, गोष्ट जुनी असली तरी प्रसंग नवा आहे. आज आपल्या ज्ञातीतील मुले-मुली दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धांत जातात, मालिकांत कामे करतात, क्रीडा प्रबोधिनीत राहावयास जातात. कर्जतहून मुंबई अवघ्या दोन तासांवर आहे. पालक मोठ्या हौसेने मुलास घेऊन जातात, महिनोन्महिने शाळा बुडते. कंपनीचे बिऱ्हाड गेले, पण कोवळा गळा, मोठे नाव आणि बुडालेली शाळा हे तिन्ही तसेच आहेत.

फरक एवढाच की आज कायदा आपल्या बाजूस आहे, आणि पालकांना तो ठाऊक असावा. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली त्याचे नियम झाले. त्यांनुसार चौदा वर्षांखालील मुलास करमणुकीच्या क्षेत्रात काम करावयाचे असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काम चालत नाही. शाळेत खंड पडू नये ही जबाबदारी काम देणाऱ्याची आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाच्या मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. आमच्या आजोबांच्या वेळी ही तरतूद असती, तर कंपनी मोडल्यावर त्यांना परक्याच्या धर्मावर घरी यावे लागले नसते.

शिक्षणाचे मार्गही आता मोकळे आहेत. ज्यास रोज शाळेत जाणे शक्य नाही त्याने सतरा नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीस बसावे, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्ग धरावा. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, लोककला यांत प्रावीण्य मिळविणाऱ्यास दहावीच्या परीक्षेत नियमाप्रमाणे वाढीव गुणही मिळतात. म्हणजे गाणे की शाळा, असा झगडा आता उरलेला नाही. दोन्ही साधण्याची सोय आहे, ती करून घेण्याची इच्छा मात्र पालकांस हवी.

म्हणून मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. त्यात कलावंत मुलांचाही सत्कार व्हावा आणि त्यांस शिष्यवृत्ती मिळावी. परंतु ती देताना पालकांस तीन प्रश्न विचारावेत. मूल कोणाकडे शिकते आणि तो गुरू त्यास काय देतो? शाळेचा अभ्यास कोण घेतो? मिळणारा पैसा कोणाच्या नावे जातो? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर त्या मुलास आपण आनंदाने पाठवू. उत्तरे नसतील, तर ती शोधून देण्यास मंडळाने साहाय्य करावे. सेवानिवृत्त शिक्षक आपल्या ज्ञातीत पुष्कळ आहेत. दौऱ्यावर किंवा चित्रीकरणास जाणाऱ्या मुलाचा बुडालेला अभ्यास भरून काढण्याचे काम आम्ही मंडळी विनामूल्य करू. गडकऱ्यांनी केलेले काम करावयास मिळणे हा आमचा बहुमानच होईल.

संगीत नाटक मंडळ्यांचे ऋण मोठे आहे. त्यांनी महाराष्ट्रास कान दिले, शुद्ध वाणी दिली, आपल्या दोषांकडे पाहण्याची दृष्टी दिली. त्या ऋणाची फेड त्यांच्या नावाने उसासे टाकून होणार नाही. त्या बिऱ्हाडात जी मुले मागे राहिली, तशी मुले आपल्या घरांत मागे राहू नयेत, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

 आपल्या मंडळाचा उत्कर्ष होवो आणि आपल्या मुलांना विद्या आणि कला या दोघींचाही प्रसाद लाभो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद. जय महाराष्ट्र.